आजोबांचा तिसरा राजा विकणे आहे

तीर्थस्वरूप ओनोरीन आत्यास,

मार्सेयहून फेलिसियँचे साष्टांग नमस्कार आणि दोन्ही गालांवर मुके. गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? इकडे सर्व क्षेम (बाबांच्या होडीचं इंजिन सोडून, ते गेलं).

पत्रास कारण, आजोबांनी बोटीवर असताना सुएझला विकत घेतलेली ती वीतभर निळी मूर्ती. रांगत्या वयात तू नाताळच्या देखाव्यातल्या, बाळ येशूच्या दर्शनाला येणाऱ्या तीन राजांपैकी तिसरा फोडलास, तेव्हापासून आपण हिलाच कापसाची दाढी लावून उभी करतो. ती विकून इंजिन घ्यावं, असं बाबांच्या डोक्यात शिरलं (आणि तिथे शिरलेली गोष्ट बाहेर काढायला गळ लागतो). म्हणून मासळीच्या कागदात गुंडाळून आम्ही ती लिलाववाल्या रोस्तानी बाईंकडे नेली. बाईंनी आधी नाक मुरडलं, मग भिंग लावलं.

"हजारो वर्षांची इजिप्तची मूर्ती आहे ही! हनुवटीला डिंक कोणी फासला?"

"मग? राजा बिनदाढीचा ठेवायचा?" बाबा म्हणाले.

"राजा कसला! मेलेल्या मालकाची परलोकातली शेती बघायला थडग्यात ठेवायचे, तो गडी आहे हा."

बाबांचं तोंड उतरलं. तीन पिढ्या आपण एका गड्याला बाळ येशूपुढे राजा म्हणून मिरवलं! पण सावरून म्हणाले, "इमानदारीनं राबला असेल, बढती मिळाली."

बाई हसल्या नाहीत. त्यांना पुरावा हवा होता, की हा माल चोरीचा नाही, आजोबांपासून घरात आहे. ते नाताळच्या जुन्या फोटोंवर भागलं (एकात तू राजाची दाढी उपटते आहेस). पण मूर्ती आजोबांच्या दोन्ही मुलांची, तेव्हा तुझीही सही लागते म्हणे. आता तुमचं बहीणभावाचं तर बोलणं बंद. तू माशांच्या रश्शात तुलाँच्या सासरची रीत म्हणून बटाटे घातलेस, बाबा नको ते बोलले, तू पातेलं उचलून चालती झालीस. चूक कोणाची यात मी पडत नाही. मी दोघांच्याही हातचा रस्सा खातो. पण तुझ्याविना नाताळ फार सुना जातो, आत्या. सहीला तरी ये.

तुझा भाचा,
फेलिसियँ

ता. क. किंमत सांगायची राहिली. डिंकामुळे ती इतकी उतरली, की इंजिन सोड, वल्ह्यांची जोडी आली तरी पुष्कळ. ते ऐकूनही बाबा बाईंना म्हणाले, "विकायची म्हणजे विकायची. बहिणीला बोलावून घेतो."

आणखी एक ता. क. सही टपालानेही चालते, असं बाईंनी बजावून सांगितलं होतं. हे तुला कळवायला बाबांनी मला सक्त मनाई केली आहे.