सुरूला फूल येत नाही

सर,

सुरूचं लाकूड लाल झालं. मी तीनदा करून पाहिलं. दिवाळीत बुलढाण्याला आले होते तेव्हा शाळेच्या आवारातून मोडलेली फांदी उचलून आणली, तिची एक ढलपी काढली आणि शेजारी सूचिपर्णी देवदाराची ठेवली. दोन्ही पाच मिनिटं परमँगनेटमध्ये बुडवल्या. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ते जांभळं औषध, तेच. मग धुतल्या, हायड्रोक्लोरिक आम्लात त्यांचा काळपटपणा जाऊ दिला, पुन्हा धुतल्या आणि वर अमोनिया सोडला. देवदार पिवळट तपकिरी राहिला. सुरूची ढलपी बघता बघता गडद लाल झाली.

कारण साधं आहे. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन दोन्ही झाडांत असतं. पण फुलझाडांच्या, म्हणजे फूल येणाऱ्या झाडांच्या, लिग्निनमध्ये एक घटक असा असतो, ज्याच्या कड्याला मिथॉक्सी गट दोन असतात. सूचिपर्णी झाडांत बहुतेक सगळीकडे एकच. लाल रंग त्या दोनवाल्याचा. म्हणूनच आमच्या कागद कारखान्यात फुलझाडांचं लाकूड लवकर शिजतं, सूचिपर्णींचं वेळ खातं. झाड बाहेरून सुयांसारखं दिसलं म्हणून आत काही बदलत नाही. हे रसायन तुम्हाला ठाऊक नव्हतं याचा राग नाही. पण फूल तुमच्या हातात होतं.

आठवा तो तास. मी दहावीत आहे. तुम्ही फळ्यावर सूचिपर्णी झाडांची नावं लिहिता, त्यात सुरू. मी उठते. सुरूच्या काडीला सांधे असतात, प्रत्येक सांध्याला बारीक दात असतात, तीच त्याची पानं, असं सांगते आणि सकाळी तोडलेला तांबडा गोंडा पुढे करते. तुम्ही तो चिमटीत धरून सगळ्या वर्गाला दाखवता. "काऊन वं, हे फूल हाये? ही तं कीड हाये!" वर्ग हसतो. "भाजीवाल्याची पोरगी तू, तुले वांग्याचं फूल समजते. एवढं फूलच हाये तं माळ डोक्यात." मी तो गोंडा वेणीत खोवून तास संपेपर्यंत उभी राहिले.

तेवढंच असतं तर मी विसरले असते. विज्ञान शाखेच्या अर्जावर तुमची सही लागत होती आणि तुम्ही ती अडवलीत. माझी आई देऊळघाटहून वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन तुमच्या घरी चालत आली आणि पोरीची चूक पोटात घाला म्हणत तुमच्या पाया पडली. वांगी तुम्ही आत पाठवलीत. आईला म्हणालात, "वर्गात उभी राहून म्हनू दे तिले, सुरूले फूल येत नाही." मी म्हटलं. मागच्या बाकांवर ऐकू गेलं नाही म्हणून तुम्ही तीनदा म्हणायला लावलंत. मग सही झाली. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. उत्तर ऐकायला थांबला नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. ते तुमच्याबद्दलचं दुःख नव्हे. तुम्ही असता तर ही लाल ढलपी तुमच्या टेबलावर ठेवून भरल्या वर्गात मी म्हटलं असतं, सर, आता ही माळा डोक्यात.

हे पत्र कुठे जायचं नाही. आई हल्ली माझ्याकडेच असते. आत्ता समोर मेथी निवडत बसली आहे. मघाशी तिनं विचारलं, "कोनाले लिवून राह्यली एवढं?" मी म्हटलं, शाळेतल्या सरांना. मेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, हे तिनं विचारलं नाही. म्हणाली, "देवमानूस होता. एवढी चूक झाली तुही, तरी मी पाया पडली तं पोटात घातली त्याईनं."

ढलपी टेबलावरच होती. तिच्यावर मी कागद सरकवला आणि हो म्हणाले.