खडकाच्या कानात

६ नोव्हेंबर २००५
मुलगी. आठव्या महिन्यात, श्वास न घेताच आली. नर्स भली बाई. दुपट्यात गुंडाळून मेधाच्या हातात दिली आणि विचारलं, "व्हॉट्स हर नेम?" मेधानं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. बारशाआधी नाव कुठलं ठेवतात? पाळण्यावर 'बेबी गर्ल' एवढंच चिकटवलं त्यांनी.

१९ नोव्हेंबर
शेजारच्या सुलभाकाकू अळिवाचे लाडू घेऊन आल्या. "बाळंतीणच आहे रे ती. खायला हवं तिनं." मेधा मुकाट्यानं खाते. मला बघवत नाही.

८ जानेवारी २००६
ताईचा नागपूरहून फोन. आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान तिचा. नुसती रडत राहिली. ऑफिसात बॉस म्हणतो, टेक युअर टाइम. घेतो की. वेळच वेळ आहे.

२० मे
मेधा म्हणाली, "कुठेतरी ने, जिथे कुणी 'कशी आहेस' विचारणार नाही." म्हणून डॉली सॉड्सचं डोंगरपठार. आमच्या हर्नडनहून पश्चिमेला, घाट चढून. वर उघडं माळरान, गुडघाभर झुडपं, वाऱ्यामुळे एकाच अंगाला फांद्या उरलेली झाडं. कड्यावर पांढुरके खडक, ऊन-पाऊस-वाऱ्यानं कुरतडून चित्रविचित्र केलेले. एक तर थेट इडलीचा स्टँड. तसं म्हटलं तर हसली. किती महिन्यांनी!

मग एकटीच पुढच्या मोठ्या खडकापाशी गेली. त्याला कानासारखी खळगी. वाकली, हाताचा आडोसा केला आणि काहीतरी बोलली. बारशाला बोलतात तसं. वारा असा की मला अक्षरही ऐकू आलं नाही. जवळ जायचं धाडस झालं नाही.

गाडीत विचारलं. "तिचं नाव ठेवलं," एवढंच.

२१ मे
माझ्याही मनात एक नाव आहे. सोनोग्राफीला गेलो होतो तेव्हापासून. मेधाचं वेगळं निघालं तर? मग पोरीला आम्ही दोघं दोन वेगळ्या हाका मारणार, आणि ती बिचारी...

२८ मे
आज धीर करून म्हटलं, "माझंही एक ठरलं होतं."
मेधा पोळी लाटत होती, थांबली. "मग सांग ना."
"तू आधी."
"नाही, तू."
दोघंही रडायला लागलो. तवा धुरावला, तेव्हा उठून गॅस बंद केला. नाव अजून कुणीच सांगितलेलं नाही.