बघायचं अजून बरंच आहे

पोर्ट्समथ, १८ मे २०२५

॥ श्री ॥

चि. केसर हिस सत्यवती वहिनीचे अनेक आशीर्वाद.

विलायतेत प्रणयकडे सुखरूप पोचले गो. फोनवर तुला ऐकू येत नाही नि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून हे पत्र. तिकडे भिंतीला भिंत लावून आपण नणंद-भावजय रोज भांडतो, इथे भांडायला कोणी न्हाय. सून अमिषा तर तोंडातून शब्द काढत नाही.

प्रणयने मात्र रजा काढलीय. आईला शहर दाखवायचं म्हणतो. काल उंच मनोऱ्यावर नेलं नि काचेच्या फरशीवर उभं केलं. पायाखाली बोटी! मी डोळे मिटून एकवीरा आईला हाका मारतेय नि माझाच पोर हसत फोटो काढतोय. समोर समुद्रात गोल दगडी किल्ले आहेत, आपल्या खांदेरी-उंदेरीसारखे. किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. बोंबील वाळवायचे कुठे यांनी?

देवांचे टाक मांडीवर घेऊन आले. देव बरोबर आण, तुझी पूजा चुकायला नको, असं प्रणयनेच बजावलं होतं. पोराला एवढी श्रद्धा कुठून आली कोण जाणे, पण बरं वाटलं.

नारळी पुनवेला मी घरी. तोवर चावी कोणाला देऊ नकोस.

लोभ आहेच, तो पातळ करू नकोस.
तुझी वहिनी


थळ, २ जून

ती. सत्यवती वहिनीस केसरचा शि. सा. न. वि. वि.

देवांच्या ओळीवर थांबले ती थांबलेच. वहिनी, टाक नेलेस? आपल्यात देव केव्हा उठवतात? घर सोडताना. दादाने खोली वाढवली तेव्हासुद्धा कौल लावून मगच देव हलवले होते. तू एवढी शहाणी, तुला कसं कळलं नाही गो?

परवा दोन माणसं आली. टेप लावून तुझं घर मोजलं, मग मासळी वाळवायचं अंगण मोजलं. प्रणयशेटने पाठवलंय म्हणाले नि चावी मागितली. मी दिली नाही. जाताना भिंतीवर लाल खूण करून गेले. मला भीती वाटते. त्याला तोंडावर विचार.

तुझा धाक मला अजून आहे, तसाच राहू दे.
केसर


पोर्ट्समथ, १४ जून

चि. केसर, आशीर्वाद.

विचारलं. तो हसला. पावसात छप्पर गळतं, नवे पत्रे टाकायचे म्हणून मापं घेतली, म्हणाला. आत्याला जिथेतिथे भुतं दिसतात, असंही म्हणाला. पोटचा पोर हाय, त्याच्यावर संशय घेऊ? तेव्हा त्या माणसांना चावी दे.

काल पाण्यावरून धावत येऊन थेट गोट्यांवर चढणाऱ्या बोटीत बसले. तुझी तर बोबडीच वळली असती. परत येताना अमिषा रडत होती. विचारलं तर डोळ्यांत वारा गेला म्हणाली. वारा नव्हता.

घाबरट असलीस तरी माझी आहेस.
वहिनी


थळ, ३० जून

ती. वहिनीस केसरचा शि. सा. न.

तू लिहिलंस म्हणून चावी दिली. वहिनी, पत्रे न्हाय, त्यांनी घरच पाडलं. जेसीबी आला. मी आडवी झाले, तर मुकादम म्हणतो, घर थंडीतच विकलंय, इथे रिसॉर्ट होणार, म्हातारीला ठाऊक आहे. तुझी भांडी तेवढी ओढून आणली.

तुझ्या भिंतीने माझा वारा अडवला म्हणून जन्मभर बोंबलले. आता समुद्राचा वारा सरळ घरात येतो नि मी दार लावून बसते. माझं चुकलं. शिव्या दे, पण ये. माझी अर्धी चूल तुझी.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
केसर


पोर्ट्समथ, ३ जुलै

चि. केसर, आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. रुसलीस वाटतं.

इथलं सगळं बघून झालं. शेवटी मत्स्यालयही झालं, काचेतले मासे, एकालाही हात लावू देत नाहीत. म्हणून काल प्रणयला म्हटलं, आता मला घरी पाठव. तो म्हणाला, बघायचं अजून बरंच आहे. नि आज मला परत त्याच मनोऱ्यावर घेऊन गेला. तिकिटाचं काढलं की दुसरीकडे बघतो. मला इथे नाही राहायचं गो. माझं घर बरं नि मी बरी.

पत्रे टाकून झाले असतील. तिकडे पाऊस लागला असेल. आत जाऊन एकदा बघ, कुठे गळत तर नाही ना.

उत्तराला उशीर करू नकोस.
तुझी वहिनी