दहाव्याला मी पुलावर असेन

प्रिय अर्पिता,

काल फोनवर तू रडत होतीस, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. तुझ्या माहेरी येऊन समोर बसले तरी जीभ रेटणार नाही, म्हणून हे पत्र झुंबरबाईंच्या हाती पाठवते. अण्णांच्या दहाव्याला मी शहागडच्या पुलावर थांबू नये, एवढंच तू मागितलंस. मी थांबणार आहे. रागाव हवं तर, पण आधी पूर्ण वाच.

हे खूळ माझ्या डोक्यात तूच घातलंस. लग्न होऊन काकीनाड्याला गेलीस आणि दोन वर्षांपूर्वी तिथल्या कोळ्यांच्या जाळ्याचा फोटो पाठवलास. त्यात मासे कमी आणि पिशव्याच जास्त. खाली लिहिलं होतंस, आपली गोदावरी इथंच समुद्राला मिळते गं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ पुलावर गेले. गाड्या थांबत होत्या, काचा खाली होत होत्या, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या नदीत पडत होत्या आणि टाकणारे वरून हात जोडत होते. जायकवाडीचे दरवाजे उघडले की हे सगळं वाहून जातं आणि गाव म्हणतं, गोदामायनं पोटात घेतलं. पोटात कसलं घेते, तुमच्या दारात नेऊन टाकते.

दुसऱ्या दिवशी मी रिकामं पोतं घेऊन तिथं उभी राहिले. गावानं पोटभर हसून घेतलं. समुद्र कुठं, शहागड कुठं, मॅडमचं डोकं फिरलं. पुलाच्या तोंडाशी पेरू विकणाऱ्या झुंबरबाई तेवढ्या पाटी सोडून माझ्याजवळ आल्या. मग हळूहळू आणखी बायका आल्या.

एकदा अण्णांची गाडी थांबली. मी पिशवीसाठी हात पुढे केला, तर म्हणाले, "संध्ये, देवाच्या फुलाला तुझा हात लागल्यावर ते टाकावं कुठं, ते बी सांग." मागून झुंबरबाई म्हणाल्या, "मंग तुमीच उतरा की अण्णा. गाठ तुमी सोडा, फुलं तुमी वाहा. पिशवीला तर आमचा हात चालन ना?" अण्णा उतरले नाहीत. पिशवी माझ्या डोक्यावरून नदीत गेली. पण त्या दिवसापासून आम्ही तोच नियम करून टाकला: ज्याची पिशवी, त्यानंच सोडायची. आणि गंमत बघ, माणूस गाडीतून उतरून स्वतःच्या हातानं फूल वाहतो, तेव्हा मागून प्लॅस्टिक भिरकावायला त्याचा हात होत नाही. चार शिव्या देतो, पण पिशवी आमच्या पोत्यात टाकून जातो.

गेलेल्या माणसाबद्दल, त्यातून तुझ्या वडिलांबद्दल, वाईट बोलू नये म्हणतात. पण लहानपणी तुमच्या देवघराच्या उंबऱ्याबाहेर मी थांबायचे, तू आतून प्रसाद आणायचीस आणि आपण दोघी ओट्यावर बसून खायचो. मी बाहेर का, हे तू कधी विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. बारावीनंतर माझ्या बाबांना समजावून मला डी.एड.ला पाठवायला लावलं तेही अण्णांनीच. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गाबाहेर जाऊन रडले. मला त्यांचा राग आहे आणि मला त्यांची आठवण येते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

नुसतं ‘नाही’ कळवायला एक शब्द पुरला असता. हे सगळं लिहिलं ते तूही पुलावर यावंस म्हणून. तूच सांगितलंस, कल्याणनं अण्णांची गादी, औषधांच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे हार असं सगळं पोत्यात भरून ठेवलंय, पुलावरून सोडायला. तुझ्या भावाला मी अडवलं तर ते भांडण होईल, आणि त्याचं कारणही जुनंच निघेल. म्हणून तू ये. बायका येत नसतात म्हणतील, म्हणू दे. अस्थींचा कलश तू हातात घे आणि ते पोतं माझ्यापाशी ठेव. नाही आलीस तरी मी तुझ्यावर रुसणार नाही आणि पूलही सोडणार नाही. अण्णा नदीत जातील, अर्पिता. त्यांचं पोतं जाणार नाही.

तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी तुझीच,
संध्या