वसंतराव निघाले पोखऱ्याला

सेलू, सोमवार, नोव्हेंबर १९८७

आज वसंतराव निरोप घ्यायला आले. येलदरीच्या वीजघरात आमी दोघांनी बरोबर नोकरी केली, रिटायरही बरोबरच झालो. आणि हा गडी आता बायकोला घेऊन नेपाळात, पोखऱ्याला कायमचा राहायला चाललाय! म्हणे, इथली पेन्शन तिथं दुप्पट पुरते. घरासमोर तळं. ओसरीत बसलं की बर्फाचे डोंगर दिसतात. ती ओसरी काही डोक्यातून जाईना. त्याच्याच नशिबात का?

मुद्दाम विचारलं, "आजारी पडलात तर? आपलं माणूस कोण हाय तिथं?"

त्याचा चेहरा उतरला. "कुणीच न्हाई," म्हणाला. मला लय बरं वाटलं. मग जरा लाजही वाटली. पण तो त्या ओसरीत बसून चहा पिणार, आणि मी?

वसंतराव गेल्यावर हिला म्हणालो, "तू माहेरच्यांना सोडून येणार न्हाईस, न्हाईतर आपणही गेलो असतो."

ही कपबशा आवरायली होती. म्हणाली, "मला कधी विचारलंत? मी तर उद्या निघते."

 मग माझ्याच तोंडून निघालं, "तिथं थंडी लय असते म्हणे."