दलदलीतलं धनुष्य

सोमवार, ५ मे
संग्रहालयात पेटी उघडली! उत्तर युरोपातल्या दलदलीतून निघालेलं धनुष्य, यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं, जवळजवळ दोन हजार वर्षांचं. माझ्यापेक्षा उंच! पोटाकडचं, म्हणजे धनुर्धराच्या बाजूचं, तांबूस लाकूड दाब सोसतं, पाठीकडचं पांढरं ताण. शिकारीचं की लढाईचं, नक्की माहीत नाही. प्रदर्शन संपेपर्यंत त्याची जबाबदारी माझी. सही केली.

मंगळवार, १३ मे
तडा. मुठीच्या वर, केसाएवढा, बोटभर लांब.
वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, सुट्टीत हवा कोरडी ठेवणारं मशीन बंद पडलं होतं; दमट हवेनं लाकूड फुगलं. रविवारी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, जेवताना फोनवर अलार्म आला— नेहमीसारखा खोटाच असेल म्हणून मी पुसून टाकला. मी!

बुधवार, १४ मे
कुणाला बोलले नाही.

गुरुवार, १५ मे
पुन्हा मोजला. दोन मिलिमीटर वाढलाय. आता लाकूड काचपेटीतून काढायला हवं, आणि त्यासाठी सांगायला हवं.
अंकुरला सांगितलं. नवरा म्हणून धीर देईल वाटलं. "एवढीशी रेघ ती! आधी तुझा इथे राहून काम करायचा पास रिन्यू होऊ दे. मग सांग." मग जवळजवळ ओरडलाच, "मेधा, प्लीज!" असा कधी बोलत नाही.

शुक्रवार, १६ मे
सांगितलं. अलार्मचंसुद्धा. ह्वे लिंग, माझी बॉस, आधी तडा पाहून आली. मग, "तीन दिवस थांबलीस? उद्या ओपनिंग आहे." दारापाशी वळून म्हणाली, "पासच्या अर्जाला मीच हो म्हणायचं असतं. आता मला विचार करावा लागेल."
धनुष्याच्या मालकांना फोटोंसकट मेल केला. धनुष्य काचपेटीतून बाहेर काढलं.

शनिवार, १७ मे
उत्तर आलं. आणखी दोन दिवस पेटीत राहिलं असतं तर दुभंगलं असतं म्हणे. परत मागवलंय. रिकाम्या पेटीसमोर पाहुणे फोटो काढत होते.

रविवार, १८ मे
पास रिन्यू होणार नाही. ह्वे लिंगचा दोन ओळींचा मेसेज.
अंकुरला दाखवला. मग त्यानं खरं काय ते सांगितलं. त्याची नोकरी तीन आठवड्यांपूर्वीच गेलीय! मी आणि आमची लेक चैत्राली घाबरू म्हणून रोज डबा घेऊन निघायचा आणि मरीन परेडच्या लायब्ररीत बसायचा. तिघांनाही माझ्या पासवर राहता येईल, एवढीच त्याला आशा होती.
मी चिडायला हवं होतं. विचारलं एवढंच— "डबा तरी खायचास का?"
"नाही," म्हणाला.