एकशे सत्तावीसचा भागाकार

बाबा, बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही मूळ संख्या नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता सांगायला काय हरकत आहे, असं स्वतःला म्हणत हे पत्र लिहायला बसलेय.

एक ते सात आकडे ओळीने, म्हणून ती तुमची लाडकी. आठवडाभर काशीमीऱ्याच्या गोदामात ट्रकमधली खोकी मोजायचात आणि रविवारी शांती नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात चटई टाकून पुन्हा आकडेच. "एवढी सरळ संख्या, ही कुणाला दाद देणार नाही," म्हणायचात. दोन आणि पाच बघताक्षणी बाद. अंकांची बेरीज अठ्ठावीस, म्हणजे तीनही गेला. वर्गमूळ अकराशे अकराच्या जरासं पुढे, तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. शंभर ते दोनशेमधल्या एकवीस माझ्या वाट्याला, बाकीच्या तुमच्या. भागाकार पाटीवर करून पुसायचा, वहीत फक्त बाकी लिहायची, ही तुमची पद्धत.

माझे पाच भागाकार होतात न होतात तोच आई ओरडते, "टँकर आलाय गं, हंडे घेऊन चल." पाणी भरून वर येते तर हात भरून आलेत आणि खालून मैत्रिणी हाका मारतायत. उरलेल्या सोळा बाक्या मी मनानेच ठोकल्या. भाजकापेक्षा बाकी मोठी होऊ नये, एवढी अक्कल मात्र होती. तुम्ही वहीवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "शाब्बास. मूळच आहे."

मग तुम्ही ती संख्या गोदामाच्या दारावर खडूने लिहिलीत. एकदा तुमचा विसरलेला डबा घेऊन आले, तर एक ड्रायव्हर तुम्हाला चिडवत होता, "अरे साब, कोई तो काटेगा इसको." तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "मेरी लडकीने देखा है. वो झूठ नहीं लिखती." मी डबा तुमच्या हातात दिला आणि तशीच घरी पळाले.

दहावीच्या सुट्टीत राहवेना, म्हणून पाटी काढली. एकशे सत्तावीस, म्हणजे मी सोडलेला पहिलाच. भागाकार नऊ हजार सातशे एकवीस, बाकी शून्य. पुन्हा केला, तेच. मग त्या नऊ हजार सातशे एकवीसलाही शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्यांनी भागलं, या वेळी खरोखर. ती मूळ निघाली. म्हणजे तुमची संख्या संयुक्त, पण दोनच मूळ अवयवांची. सांगितलं असतं तर तुम्ही भडकला असता आणि तासाभराने त्या दोन अवयवांवरच खूश होऊन बसला असता. ती खुशीही मी तुम्हाला मिळू दिली नाही, याची लाज वाटते. दारावरचा खडू पुसट झाला की तुम्ही आकडे पुन्हा गिरवायचात आणि मी गप्प बसायचे.

हे पत्र मी घरातसुद्धा कुणाला दाखवणार नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी फार रडले, बाबा. पण रडता रडताच मनात आलं, चला, आता सांगावं लागणार नाही. आणि मला हायसं वाटलं होतं.